माल्टा बेट व त्याचीं इतिहाससाधनें

भूमध्यसमुद्राच्या बहुतेक मध्यावर, सिसिलीच्या दक्षिणेस सुमारें ९० किलोमीटर अंतरावर, माल्टा नांवाचा एक लहानसा द्वीपसमूह आहे. माल्टा, गोझो व कोमिनो हीं त्यांतील तीन मुख्य बेटें. सर्वांचें क्षेत्रफळ मिळून अवघें ३१६ चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईहूनहि कमी भरतें. २०२१ सालच्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या ५,१९,५६२ निघाली. इतका अल्प विस्तार असूनहि हें एक स्वतंत्र राष्ट्र आहे. त्यास स्वतःची भाषा आहे, स्वतःचें विधिमंडळ आहे, आणि आमच्या दृष्टीनें विशेष म्हणजे शेंकडों वर्षांचें अस्सल दप्तर आहे.

या त्रैमासिकाच्या वाचकांस अशा दूरच्या बेटाशीं काय कर्तव्य, अशी शंका कोणी घेईल. शंका रास्त आहे. महाराष्ट्राशीं माल्टाचा प्रत्यक्ष संबंध फार थोडा आला. जो आला तो पुढें सांगूं. परंतु जुने कागद जमविणारास व वाचणारास ज्या अडचणी नित्य येतात, त्या सर्व या बेटांत एकत्र पाहावयास मिळतात. राज्यकर्त्याची भाषा एक व प्रजेची दुसरी. सरकारी दप्तर भरपूर, पण रयतेचा आवाज त्यांत ऐकूं येत नाहीं. आणि अस्सलाच्या मांडीला मांडी लावून बनावट बसलेलें. स्थालीपुलाकन्यायानें एका शितावरून भाताची परीक्षा करावी, तशी या एका बेटावरून साधनपरीक्षेच्या कांहीं तत्त्वांची परीक्षा करतां येते. आम्हीं तें बेट डोळ्यांनीं पाहिलेलें नाहीं. छापील ग्रंथांच्या आधारेंच हें टिपण केलें आहे, हें प्रथमच सांगून ठेवितों.

१. राज्यकर्त्यांची शकावली

माल्टाचा राजकीय इतिहास हा बहुतांशीं परकीय राज्यकर्त्यांचा इतिहास आहे. गोझोवरील जिगान्तीया येथील प्रचंड दगडी देवालयें इ. स. पूर्वीं सुमारें ३६०० च्या वेळचीं, म्हणजे मिसर देशांतील मनोऱ्यांहूनहि जुनीं आहेत. हाल साफ्लिएनी येथें १९०२ सालीं घरांचें बांधकाम चाललें असतां खडकांत कोरलेली जमिनीखालील दफनभूमि उघडकीस आली. परंतु या लोकांनीं लिहिलेलें एक अक्षरहि मागें नाहीं. त्यानंतर फिनीशियन, कार्थेजकर व इ. स. पूर्वीं २१८ पासून रोमन असे स्वामी झाले. इ. स. ८७० मध्यें अरबांनीं बेट घेतलें. १०९१ मध्यें सिसिलीचा नॉर्मन सरदार रॉजर यानें स्वारी केली, आणि पुढें सिसिलीच्या गादीवर जो बसेल तो माल्टाचा धनी, अशी स्थिति सुमारें चार शतकें राहिली.

१५३० सालीं सम्राट् पांचवा चार्ल्स यानें हीं बेटें सेंट जॉनच्या धर्मवीरांच्या संघास दिलीं. ऱ्होड्स बेट १५२२ च्या अखेरीस तुर्कांपुढें गमावल्यावर हा संघ निराश्रित झाला होता. या दानाच्या मोबदल्यांत दरसाल एक बहिरी ससाणा द्यावा, एवढाच खंड ठरला. आपल्याकडील इनामपत्रांत जसें नांवापुरतें नजराण्याचें कलम असतें, तसेंच हें समजावें. धनी पराक्रमी मिळाला, पण त्याच्याबरोबर त्याचा शत्रूहि आला. १५५१ मध्यें तुर्की आरमारानें गोझोचा किल्ला घेऊन तेथील बहुतेक सर्व रहिवाशांस गुलाम म्हणून धरून नेलें. माणसांबरोबर कागदहि गेले, आणि म्हणून १५५१ पूर्वींच्या गोझोचें स्थानिक दप्तर आज जवळजवळ नाहींच. १५६५ च्या मे महिन्यांत तुर्कांनीं खुद्द माल्टास वेढा घातला; तो सप्टेंबरच्या आरंभीं उठला. आपल्या शकावलींत याच वर्षाच्या जानेवारींत राक्षसतागडीची लढाई पडते, हें वाचकांच्या ध्यानीं येईलच. वेढ्यांत स्वतः लढलेल्या फ्रान्सिस्को बाल्बी या शिपायाचें दिनवार टिपण वेढ्यानंतर थोड्याच वर्षांत छापून निघालें. वेढ्याच्या अभ्यासाचें तें एक मुख्य साधन होय. पुढल्याच वर्षीं, १५६६ मध्यें, संघाचा प्रमुख व्हालेट याच्या नांवें व्हॅलेट्टा ही नवी राजधानी वसली.

१७९८ मध्यें नेपोलियन मिसरकडे जातांना हें बेट घेऊन गेला; १८०० मध्यें फ्रेंचांनीं शरणागति पत्करली व इंग्रजांचा अंमल बसला. १८१४ च्या पॅरिसच्या तहानें तो कायम झाला. २१ सप्टेंबर १९६४ रोजीं माल्टा स्वतंत्र झालें, १३ डिसेंबर १९७४ रोजीं प्रजासत्ताक बनलें, आणि ३१ मार्च १९७९ रोजीं शेवटचें इंग्रजी सैन्य तेथून निघून गेलें. १ मे २००४ पासून तें युरोपीय संघाचें सभासद आहे. एवढी शकावली पुरे. आतां मुख्य विषयाकडे वळूं.

२. द्वैभाषिक शिलालेख

इसवी सनाच्या १७ व्या शतकांत माल्टांत दोन संगमरवरी स्तंभिका सांपडल्या. दोहोंवर एकच लेख, वरचा भाग फिनीशियन लिपींत व खालचा ग्रीक. काळ इ. स. पूर्वींचें दुसरें शतक. टायर नगरच्या दोघां भावांनीं मेलकार्त देवास केलेल्या नवसाचा तो लेख आहे. मजा अशी कीं, फिनीशियन भागांत त्या भावांचीं नांवें एक आहेत व ग्रीक भागांत दुसरीं. देवहि एकीकडे मेलकार्त तर दुसरीकडे हेराक्लीस. दोन भाषांत वावरणारा व्यापारी दोन नांवें बाळगीत असे, याचें हें उत्तम उदाहरण होय.

या लेखाचें महत्त्व याहून मोठें आहे. फिनीशियन लिपि वाचण्याची विद्या लुप्त झाली होती. फ्रेंच पंडित बार्तेलेमी यानें १७५८ मध्यें या माल्टी लेखाच्या ग्रीक भागावरून विशेषनामें ताडून पाहून फिनीशियन अक्षरें लावलीं. आपल्याकडे प्रिन्सेप प्रभृतींनीं यवन राजांच्या द्वैभाषिक नाण्यांवरून खरोष्ठी लावली, ती याच रीतीनें व यानंतर सुमारें पाऊणशें वर्षांनीं. १७८२ मध्यें संघप्रमुख रोहान यानें एक स्तंभिका फ्रान्सच्या सोळाव्या लुईस नजर केली. ती पॅरिसच्या लूव्र संग्रहांत आहे. दुसरी व्हॅलेट्टाच्या पुराणवस्तुसंग्रहालयांत राहिली. जोडी फुटली याचें वाईट वाटतें. पण ज्या दानपत्रांच्या जोड्या आमच्याकडे भावाभावांच्या वांटणींत फुटल्या, त्यांची संख्या आठवली म्हणजे रोहानास फार दोष देववत नाहीं.

३. मैमूनेची कबर

दुसरा दगड गोझोचा. हें एक संगमरवरी थडगें आहे. त्यावर कूफी वळणाच्या अक्षरांत अरबी लेख असून तो मैमूना नांवाच्या मुसलमान स्त्रीच्या मृत्यूचा आहे. हिजरी सन ५६९, म्हणजे इ. स. ११७४. दगड मूळचा रोमन काळचा, त्याच्या मागील बाजूस जुनें नक्षीकाम आहे. नंतरच्या लोकांनीं तोच उलटा करून वापरला.

हा लेख अमोल कां, तें सांगतों. माल्टाच्या लोकांत एक प्रिय परंपरा आहे. संत पॉल रोमकडे जात असतां त्याचें जहाज या बेटापाशीं फुटलें, तेव्हांपासून तेथील ख्रिस्ती धर्म कधींहि खंडित झाला नाहीं, अरब अंमलांतहि मूळची प्रजा ख्रिस्तीच राहिली व १०९१ मध्यें नॉर्मनांनीं तिला मुक्त केलें, असें पिढ्यान् पिढ्या सांगत आले. मैमूनेची कबर या कथेस आडवी येते. नॉर्मन स्वारीनंतर ८३ वर्षांनींहि गोझोंत एखादें मुसलमान घराणें आपल्या लेकीच्या कबरेवर सुंदर अरबी लेख कोरवून घेत होतें, हें दगड सांगतो. राज्यकर्ता ख्रिस्ती झाला म्हणून प्रजा एका दिवसांत ख्रिस्ती झाली नाहीं. अल्-हिम्यरी या उत्तरकालीन अरब ग्रंथकारानें तर ८७० नंतर बेट बराच काळ ओसाड पडून ११ व्या शतकाच्या मध्यास सिसिलीच्या मुसलमानांनीं तें पुनः वसविलें, असें लिहून ठेविलें आहे. तें अक्षरशः खरें मानावें कीं नाहीं याविषयीं मतभेद आहेत. पण अखंड परंपरेची कथा मात्र पूर्वींसारखी निःशंक सांगतां येत नाहीं. कथा प्रिय असली म्हणून प्रमाण होत नाहीं, हें कटु तत्त्व आपल्याकडील संशोधकांसहि अनेकदां गिळावें लागलें आहे.

४. भाषेची साक्ष

दगडाहून बलवत्तर साक्ष भाषेची. माल्टी लोक रोमन कॅथॉलिक आहेत, लिहितात लॅटिन अक्षरांत, आणि बोलतात ती भाषा अरबीच्या कुळांतील! देवास ते ‘अल्ला’ म्हणतात, आणि ईस्टरपूर्वींच्या उपवासांच्या काळास ‘रन्दान’ म्हणतात. हा शब्द ‘रमजान’ याचेंच रूपांतर होय. त्यांच्या जुन्या राजधानीचें नांव मदीना व तिच्या वेशीबाहेरील वस्तीचें रबात.

मोडी दप्तर वाचणारास माल्टी शब्दकोशांत ओळखीचे चेहरे भेटतात. आपल्या पेशवाई दप्तरांतील ‘अखबार’ तेथें ‘अह्बार’ म्हणजे बातमी आहे. आपली ‘दुनिया’ तेथें ‘दिन्या’. पुस्तकवाचक ‘किताब’ तेथें ‘क्तीब’. आपला ‘हिशेब’ तेथें ‘ह्सीब’, पण त्याचा अर्थ आंकडेमोड नसून विचार असा आहे. आपण ‘ही बाब वेगळी’ म्हणतों. त्यांतील ‘बाब’ हा मूळ अरबी शब्द, अर्थ दरवाजा. तोच तेथें ‘बीब’ होऊन आजहि घराचा दरवाजाच राहिला आहे. मात्र एक भेद ध्यानांत ठेवावा. आपल्याकडे हे शब्द फारसीच्या पालखींतून पाहुणे म्हणून आले. माल्टांत ते घरचे यजमान आहेत, आणि सिसिलियन व इटालियन शब्द हे पाहुणे.

विद्वानांनाहि हें सत्य पचविण्यास वेळ लागला. १८ व्या शतकांत गोझोचा पंडित आजियुस दे सोल्दानिस व त्यानंतर मिकिएल आन्तोन वासाल्ली या दोघांनींहि माल्टी भाषा ही प्राचीन प्यूनिक, म्हणजे कार्थेजकरांची भाषा, असें प्रतिपादिलें. अरबांपेक्षां हॅनिबालाचें नातें अधिक मानाचें वाटे, हें त्याचें एक कारण असावें. सिद्धान्त चुकला, पण वासाल्लीचें कार्य चुकलें नाहीं. त्यानें १७९१ मध्यें माल्टीचें व्याकरण व १७९६ मध्यें कोश रोम येथें छापविला, आणि लोकांचें शिक्षण लोकांच्या भाषेंतच झालें पाहिजे असा आग्रह धरिला. धर्मवीरसंघाविरुद्ध कटाच्या आरोपावरून त्यास कैद झाली. पुढें दीर्घकाळ परदेशांत राहावें लागलें. १८२५ मध्यें विद्यापीठांत माल्टी भाषेचा अध्यापक म्हणून त्याची नेमणूक झाली व १८२९ मध्यें तो वारला.

तरीहि न्यायालयाची व प्रतिष्ठितांची भाषा इटालियनच राहिली. १९२० मध्यें माल्टी लेखकांनीं संघ स्थापिला, १९२४ मध्यें लेखनाचे नियम प्रसिद्ध केले, आणि १९३४ मध्यें इंग्रजीच्या जोडीनें माल्टीस राजभाषेचा मान मिळाला. ज्या भाषेस ‘स्वयंपाकघराची बोली’ म्हणून हिणवीत, ती आज युरोपीय संघाच्या अधिकृत भाषांपैकीं एक आहे, आणि त्यांत सेमिटिक कुळांतील ती एकटीच. परक्या लिपींत आपली भाषा टिकते काय, असा प्रश्न कोणी केल्यास त्याचें हें एक उत्तर. दुसरें उत्तर आपल्याच जवळ आहे. १६१६ मध्यें गोमांतकांत राशोल येथें छापलेलें फादर स्टीफन्सचें ख्रिस्तपुराण रोमन अक्षरांतच निघालें, पण त्याचें मराठीपण त्यामुळें उणें झालें नाहीं.

५. नोटरीच्या वहींतील कविता

आतां ज्यासाठीं आम्हीं लेखणी उचलली तो भाग. माल्टांत सरकारी दप्तराची उणीव नाहीं. धर्मवीरसंघाचें दप्तर व्हॅलेट्टाच्या राष्ट्रीय ग्रंथालयांत आहे. संघास मान्यता देणारें पोप पास्कल याचें १११३ चें मूळ पत्र व पांचव्या चार्ल्सचें १५३० चें दानपत्र दोन्ही तेथें जतन केलेलीं आहेत. परंतु हीं सर्व लॅटिन किंवा इटालियन. बेटांतील लोक घरांत काय बोलत, याचा पत्ता त्यांत लागत नसे.

तो पत्ता अखेर लागला नोटरींच्या दप्तरांत. नोटरी म्हणजे खरेदीखतें, मृत्युपत्रें, लग्नाचे करार व कर्जरोखे लिहून साक्षी घालून वहींत नोंदणारा अधिकारी. व्हॅलेट्टांतील या दप्तरांत सहा शतकांच्या वीस हजारांहून अधिक वह्या आहेत. १९६६ सालीं मिकिएल फ्सादनी व गॉडफ्रे वेटिंजर हे दोघे संशोधक अशा वह्या चाळीत होते. ब्रान्दानो काशारो नांवाच्या नोटरीच्या १६ व्या शतकाच्या चौथ्या दशकांतील एका वहींत, शेवटल्या पानाच्या पाठीमागें, वीस ओळींची एक कविता त्यांस दिसली. ती लॅटिन नव्हे, इटालियन नव्हे, माल्टी! ब्रान्दानोनें ती आपला पूर्वज पिएत्रु काशारो याची म्हणून त्याच्या स्मरणार्थ उतरून ठेविली होती. पिएत्रु हा मदीनेच्या नगरसभेंत व न्यायासनावर काम केलेला गृहस्थ असून १४८५ मध्यें वारला. १९६८ मध्यें दोघांनीं ती प्रसिद्ध केली. ‘कान्तिलेना’ या नांवानें ओळखली जाणारी ही रचना माल्टी भाषेंतील उपलब्ध लेखांत सर्वांत जुनी होय. तींत कवीचें एक बांधलेलें घर ढासळलें आहे. खडक लागेल म्हणून पाया खणला, तों भुसभुशीत माती निघाली, असें त्याचें दुःख आहे. तज्ज्ञांचें म्हणणें, सबंध रचनेंत रोमान्स कुळांतील शब्द एकच.

याचा अर्थ वाचकांनीं नीट घ्यावा. एका नोटरीस वहीचें शेवटलें पान कोरें दिसलें, पूर्वजाची आठवण झाली, आणि त्यानें चार घटका लेखणी चालविली. एवढ्यामुळें एका राष्ट्राच्या वाङ्मयाचा आरंभ १५ व्या शतकापर्यंत मागें गेला. तें पान फाटतें, किंवा एखाद्यानें ‘खतांखेरीज बाकी निरुपयोगी’ म्हणून टाकून दिलें असतें, तर हें कोणास कळलेंहि नसतें. दुसऱ्या महायुद्धांत माल्टावर जो भयंकर बाँबवर्षाव झाला, त्यांत या दप्तराचीहि हानि झाली. त्यानंतर तें बराच काळ दुर्लक्षितहि राहिलें. अलीकडे तेथील अभ्यासक व स्वयंसेवक मिळून वह्यांची डागडुजी करीत आहेत.

६. बनावटाचें एक प्रकरण

ज्या भाषेनें खरें साधन दिलें, तिच्याच आधारें खोटेंहि निपजलें. माल्टांत जन्मलेला ज्युसेप्पे व्हेल्ला नांवाचा पाद्री १७८२ मध्यें सिसिलींतील पालेर्मो येथें होता. मोरोक्कोचा वकील वादळांत सांपडून तेथें उतरला, तेव्हां माल्टी येते एवढ्या भांडवलावर व्हेल्ला दुभाषी झाला. मग एका मठांतील अरबी पोथीवर त्याची नजर गेली. पोथी होती पैगंबरांच्या चरित्राची. व्हेल्लानें सांगितलें कीं, हा सिसिलीच्या अरब सुभेदारांचा पत्रव्यवहार आहे. लोकांनीं विश्वास ठेविला, भाषांतर छापिलें, आणि त्यास अरबीचा अध्यापक नेमलें! पुढें त्यानें दुसरें ‘दप्तर’ निर्माण केलें. त्यावरून सरदारांच्या जहागिरींवर राजाचा हक्क शाबीत होत होता. साहजिकच तें राजपक्षास गोड व सरदारांस कडू लागलें. अखेर हागर नांवाच्या प्राच्यविद्यापंडितानें व रोझारिओ ग्रेगोरिओ या सिसिलियन इतिहासकारानें लबाडी चव्हाट्यावर आणिली, आणि १७९६ मध्यें व्हेल्लास पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

वतनाच्या तंट्यांत हजर केलेले बनावट महजर ज्यांनीं हाताळले आहेत, त्यांस या प्रकरणाचें मर्म सांगावयास नको. ज्या कागदानें कोणाचा तरी हक्क तत्काळ सिद्ध होतो, त्याकडे संशयानें पाहावें. कान्तिलेनेनें कोणाची एक बिघा जमीनहि सिद्ध होत नाहीं. तिच्या अस्सलपणाची ती एक मोठी साक्षच म्हणावी.

७. आपला संबंध

महाराष्ट्राचा या बेटाशीं प्रत्यक्ष संबंध आला तो १८७८ मध्यें. रशिया व तुर्कस्तान यांच्या युद्धानंतर इंग्रज व रशिया यांच्यांत लढाई जुंपण्याचा रंग दिसूं लागला, तेव्हां मुख्य प्रधान डिझरायली यानें हिंदुस्थानांतून सुमारें सात हजार फौज मुंबई बंदरावरून माल्टास पाठविली. सुएझचा कालवा १८६९ मध्यें खुला झाला होता, म्हणून हें शक्य झालें. या फौजेंत बंगाल व मद्रासच्या पलटणींबरोबर मुंबई इलाख्याच्याहि पलटणी होत्या. पार्लमेंटच्या संमतीवांचून हिंदी फौज युरोपांत आणणें कायदेशीर आहे काय, यावर तेथें मोठा वाद झाला. लढाई टळली, फौज सायप्रसकडे गेली व पुढें परतली. याच शतकाच्या अखेरीस कांहीं सिंधी व्यापारी माल्टांत जाऊन स्थायिक झाले. त्यांचे वंशज तेथें आहेत.

त्या पलटणींतील कोणा सुभेदारानें किंवा शिपायानें माल्टाहून घरीं पत्र धाडिलें असल्यास तें आज कोठें असेल? रत्नागिरी किंवा साताऱ्याकडील एखाद्या पेटींत जुन्या पेन्शनच्या कागदांबरोबर असा चिटोरा पडलेला असणें अशक्य नाहीं. ज्यांच्याकडे लष्करी घराण्यांचे कागद आहेत, त्यांनीं या दृष्टीनें एकदां पाहावें, अशी विनंति आहे.

८. उपसंहार

शेवटीं स्वतःच्या एका अपराधाची कबुली देतों. शाळेंत नोकरीवर असतां, सुमारें पस्तीस वर्षांपूर्वीं, एका देशमुखी घराण्याचा रुमाल आम्हांस चार दिवस पाहावयास मिळाला होता. त्यांतील सनदा व पत्रें आम्हीं काळजीपूर्वक उतरून घेतलीं. त्याच रुमालांत धान्याच्या हिशेबाच्या दोन वह्या होत्या; त्यांच्या मागील पानांवर बायकांच्या तोंडच्या ओव्यांसारखें कांहीं लिहिलें होतें. आम्ही संस्कृताचे अभिमानी. तें क्षुद्र वाटलें व वह्या तशाच बांधून परत केल्या. पुढें आठ वर्षांनीं पुनः गेलों, तों घर विकलें गेलें होतें व वह्या रद्दींत गेल्या होत्या. ब्रान्दानो काशारोच्या वहीची हकीकत प्रथम वाचली, त्या रात्रीं आम्हांस झोंप आली नाहीं.

तात्पर्य, सनद राज्यकर्त्याची असते, पण पानाची पाठ पुष्कळदां रयतेची असते. संग्राहकांनीं रुमाल सोडतांना हिशेबाच्या वह्या, कोरीं म्हणून बाजूस टाकलेलीं पानें, पुठ्ठ्यांत चिकटविलेले चिटोरे हेंहि सर्व तपासावें. कोणत्या वहीच्या कोणत्या पानावर काय आहे याची नोंद करावी. आणि स्वतःस वाचतां आलें नाहीं म्हणून कांहीं फेंकूं नये. अवघ्या ३१६ चौरस किलोमीटरांच्या बेटास आपल्या भाषेचा जुना पुरावा एका पानाच्या पाठीवर सांपडला. आपल्या विस्तीर्ण मुलखांत अशीं किती पानें अजून उलटावयाचीं राहिलीं असतील, याचा विचार ज्याचा त्यानें करावा. इत्यलम्.